शाळेचा फलक आणि गावाबाहेरचा दगड

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिले महायुद्ध थांबले त्या दिवशी, तुमच्या इथल्या परदेशातल्या शाळेत सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून महायुद्धांत कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांची फलकावरची नावे ऐकली आणि घरी येताच तू विचारलेस, की आपल्याकडच्या शाळांतून असे फलक का दिसत नाहीत. तेव्हा स्वयंपाकाच्या घाईत मी उत्तर टाळले, ते आता लिहिते.

१९१४ साली पहिल्या महायुद्धासाठी साताऱ्याकडून पलटणीत भरती झालेल्या बहुतेकांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. त्यांची आठवण ठेवायला शाळा नव्हती, गाव होते. म्हणून युद्धानंतर इंग्रज सरकारने गावागावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, पण त्यांवर 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मरण पावले' एवढाच मजकूर कोरला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने, ज्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, त्या युद्धात ४६ माणसे गमावली. त्याच युद्धात इराककडे पडलेल्यांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावरही भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली आणि साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या. तुमच्या फलकावर नावे आहेत आणि आमच्या वाट्याला आकडा आला, हे मला अजूनही खुपते.

शाळा आणि रणांगण यांचे नाते आपल्याकडेही पुढे जुळले: १९६१ मध्ये साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा, म्हणजे मुलांना लष्करी अधिकारी होण्यासाठी तयार करणारी शाळा, निघाली. २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिक याच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या पत्नी स्वाती दोन वर्षांनी स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

परंतु स्मरणाची आपली खरी जुनी रीत वीरगळाची आहे. लढाईत पडलेल्या वीरासाठी गावाबाहेर किंवा देवळाच्या आवारात उभा केलेला हा दगड बहुधा कप्प्याकप्प्यांचा असतो: तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती. त्यावरही नाव क्वचितच असते. वीर कोण हे विसरून गेलेले गाव त्याला देव समजून शेंदूर लावते, आणि त्या शेंदराच्या थरांखाली घोड्याचा पाय आणि उगारलेली तलवार कशीबशी ओळखू येते.

सुटीत देशी गेलो की तुला एक दाखवीन. तुझा फलक तू वरून खाली वाचतेस, वीरगळ मात्र तळापासून वर वाचायचा असतो.

तुझी,
आई