जुन्या वाड्याच्या भिंतीला ठसे मारलेला फुलांचा कागद टिकेल का?

तुम्ही लिहिलंय की जालन्यात मातीच्या भिंतींचा वाडा आहे, बैठकीची एक भिंत जुन्या फुलांच्या नक्षीच्या, हाताने ठसे मारलेल्या कागदाने मढवायची आहे. टिकेल का, आणि छापून कोण देईल?

टिकतो. आमच्याकडं अकरावं वर्ष चालू आहे. पण आधी तो सरळ लागावा लागतो, आणि त्यावरून आमच्या घरात अजून दोन तट आहेत, म्हणून एवढं लिहायला बसले.

आजेसासऱ्यांची निजामाच्या काळातली हिमरूची (म्हणजे औरंगाबादकडच्या सुती-रेशमी नक्षीदार कापडाची) शेरवानी ट्रंकेत पडून होती. बाह्या विरलेल्या, पण पाठीवरची फुलांची जाळी शाबूत. ती मी ट्रेसिंग पेपरवर उतरवली. हिमरूत फूल धागे मोजून विणलेलं असतं, त्यामुळे पाकळीची कड गोल नसते, बारीक पायऱ्यापायऱ्यांची असते. गुजरातेत पेठापूरला ठसे कोरायला दिले तेव्हा निक्षून सांगितलं, पायऱ्या घासून गोल करू नका. गोल केलं की ते हिमरूचं फूल राहत नाही, लग्नपत्रिकेवरचं होतं.

तीन रंग, तीन ठसे. एकाने रेघ, दुसऱ्याने पाकळ्या, तिसऱ्याने पानं. विलायतेत विल्यम मॉरिस या नक्षीकाराच्या १८७५ च्या 'अकँथस' या पानांच्या नक्षीच्या भिंतकागदाला तीस ठसे लागायचे. मी तिनातच घामाघूम झाले. कागद दौलताबादच्या पुढच्या कागजीपुऱ्याचा, सुती चिंध्यांच्या लगद्याचा. तिथे सुटे ताव मिळतात. ते आधी खळीने जोडून पट्ट्या केल्या आणि मग छापल्या. (यंत्राचा अखंड कागद येण्याआधी युरोपातही असेच ताव जोडून घ्यायचे, तेव्हा जोड दिसतो म्हणून नाक मुरडू नका.) रंग म्हणजे खडूची भुकटी, सरस आणि त्यात गेरू, पिवडी, नीळ. जुन्या विलायती कागदांचा तो झगझगीत हिरवा कुणी सुचवला तर ऐकू नका. त्यात आर्सेनिक असायचं.

मे महिन्यात छापायला बसले ही माझी चूक. रंग ठशावरच वाळायचा, आणि ठसा उचलला की कागदाची साल निघायची. मग पहाटे चारला उठून, खिडकीला ओलं गोणपाट लावून छापलं. आठ पट्ट्या, एका पट्टीत चोवीस जागा, प्रत्येक जागेवर तीन ठसे. ५७६ वेळा हात खाली आला. मनगट दिवाळीपर्यंत दुखत होतं.

लावायचं काम धाकट्या दिरांनी अंगावर घेतलं. मी म्हटलं, "भाऊजी, आधी ओळंबा सोडा." (ओळंबा म्हणजे उभी सरळ रेघ दाखवणारं दोरीचं वजन.) तर म्हणाले, "वहिनी, पणजोबांनी बांधलेला कोपरा वाकडा असतो का?" आणि दारालगतच्या कोपऱ्याला पहिली पट्टी भिडवून मोकळे. त्या कोपऱ्याने नऊ फुटांत सव्वा इंच झोक खाल्लाय. चौथ्या पट्टीपर्यंत कुणाला काही कळलं नाही. आठवी लागली तेव्हा फुलांची ओळ वरच्या तुळईपासून दीड इंचाहून जास्त खाली घसरली होती. लहान मुलालाही दिसेल.

तेव्हापासून बारसं असो की तेरावा, पाहुणे बैठकीत टेकले की भाऊजी सांगतात, "वहिनींचे ठसे जरा वाकडे आले." आठव्या पट्टीचा उरलेला तुकडा मी जपून ठेवलाय. एकदा सगळ्यांसमोर पाटावर ठेवून त्याला गुण्या लावून दाखवला. चोख काटकोन. तर म्हणाले, "हा तुकडा बरा आलाय." अशा माणसापुढे गुण्या काय करणार?

म्हणून तुम्हाला सांगते, कोपऱ्यापासून सुरुवात करूच नका. कोपऱ्यापासून पट्टीच्या रुंदीपेक्षा इंचभर कमी अंतरावर ओळंबा सोडा, त्या रेघेला पहिली पट्टी लावा, आणि कोपऱ्यातलं जास्तीचं वाकडंतिकडं कापून टाका. जुन्या वाड्यात एकही कोपरा सरळ नसतो, मग तो कुणाच्याही पणजोबांनी बांधलेला असो.

आता टिकण्याचं. मातीच्या भिंतीवर थेट चिकटवू नका, लोणा लागला, म्हणजे भिंतीतले क्षार ओलीबरोबर बाहेर आले, की त्यांची पांढरी पूड कागदाला आतून ढकलते. भर पावसाळ्यात भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून घाम आला तर भिंत ओली आहे. आम्ही लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर मांजरपाट ताणलं आणि कागद त्यावर लावला. मागे बोटभर हवा खेळते. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कसर लागते. विनाइलचं नाव काढू नका, ते भिंतीला घातलेलं टेबलपोस आहे आणि ओल आतच कोंडतं.

छापायला ठसे करून घेऊन स्वतः बसा. कापड छापणाऱ्याला द्यायचं असेल तर रंग दाट ठेवायला सांगा. कापड रंग पिऊन घेतं, कागदावर तो पसरतो.

हा रंग ओल्या फडक्याने पुसता येत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. बैठकीत माणसं भिंतीला टेकून बसत असतील तर डोक्याच्या तेलाचे गोल महिन्याभरात उमटतील. खालची तीन फुटं कागदाविना सोडा.

आणि एक, इथे भाऊजी वाचत नाहीत म्हणून. पाचव्या पट्टीत पानांचा ठसा दोन ठिकाणी खरंच सरकलाय, पानं देठ सोडून बाजूला पडलीत. तिथे मी कपाट ठेवलंय.