हिंदी सिनेमातले विनोदी नट जॉनी वॉकर खरंच दारू प्यायचे का? आणि ते आपल्या इंदूरचेच ना?

थेंबसुद्धा नाही, आणि हो, जन्म इंदूरचाच, 1926 चा. बद्रुद्दीन काझी हे त्यांचं खरं नाव, मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. अभिनेते बलराज साहनींच्या सांगण्यावरून त्यांनी दिग्दर्शक गुरुदत्तसमोर दारुड्याची अशी हुबेहूब नक्कल केली, की ‘बाझी’त (1951) काम मिळालं आणि व्हिस्कीचं नाव कायमचं चिकटलं. हे ते स्वतःच मुलाखतींत सांगत. पांचट विनोदाचं त्यांना वावडं होतं. कमाईचं म्हणाल, तर स्वतःची शाळा सहावीत सुटलेल्या या माणसानं मुलांना शिकायला अमेरिकेला पाठवलं. फक्त इंदूरच्या राजवाड्यावर गप्पा मारताना ‘इंदुरी कलाकार’ म्हणतात, ते जरा ओढूनताणूनच: वडिलांची गिरणीतली नोकरी गेली आणि घर मुंबईला हललं, कारकीर्द सगळी तिथलीच.