पूर्ण भुलीची धास्ती असेल तर आधी भूलतज्ज्ञाची भेट मागून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. पित्ताशयातले खडे, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन, वय ४२, बीपीची एक गोळी चालू, आणि ऑपरेशनपेक्षा भुलीचीच जास्त भीती: "मध्येच जाग आली तर? उठलेच नाही तर?" ही भीती मी चांगली ओळखते. "काही होत नाही गं" असं कुणी म्हटल्याने ती तसूभरही कमी होत नाही, हेही माहीत आहे. म्हणून धीर देण्याऐवजी माहिती देते. मी डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न समजा, परस्पर काही बंद किंवा चालू करू नका.

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा फोटो हे रुग्णालय सांगेलच, त्यावर वेळ घालवत नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो तो "फिटनेस" या शब्दापाशी. एमडी डॉक्टर हृदय, साखर, बीपी बघून फिटनेस देतात. ती भूलतज्ज्ञाची तपासणी नव्हे. भूलतज्ज्ञ वेगळंच बघतो: तोंड किती उघडतं, मान मागे किती जाते, हलणारे दात किंवा कवळी आहे का, घोरता का, मागच्या भुलीत काय झालं होतं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का. आपल्याकडे, विशेषतः तालुक्याच्या गावी, भूलतज्ज्ञ बऱ्याचदा एका रुग्णालयाचा नसतो. तो दिवसभर चार ठिकाणी फिरतो आणि पेशंटला पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरच्या दारातच भेटतो. तोवर तुम्ही हिरवा गाऊन घालून थरथरत असता. तेव्हा कसले प्रश्न सुचणार?

आमच्या घरातल्या अशाच एका ऑपरेशनच्या वेळी, नाव घेत नाही, पण रुग्णालयाच्या दाखल करून घेणाऱ्या खिडकीने "फिटनेस आलाय ना, मग पुन्हा कशाला भेटायचंय" म्हणून परत पाठवलं. सूचना एकच: रात्री बारानंतर थेंबही नको. नंबर लागायचा होता दुपारी उशिरा. पाणी नाही म्हणून सकाळची बीपीची गोळीही राहिली. दुपारपर्यंत तहानेने डोकं ठणकायला लागलं, वर भीती, आणि टेबलावर घ्यायच्या आधी बीपी इतकं चढलं की ऑपरेशनच पुढे गेलं. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर तातडी नसलेलं ऑपरेशन बहुधा ढकलतातच, त्यात भूलतज्ज्ञाची काही चूक नाही. आदल्या दिवशी त्याच्याशी पाच मिनिटं बोलू दिलं असतं तर हे टळलं असतं. याचा राग मला अजून आहे.

म्हणून सर्जनना स्पष्ट सांगा: "भूलतज्ज्ञांशी आधी बोलायचंय, प्रत्यक्ष नाही तर फोनवर." यात संकोच करू नका. भुलीचा खर्च बिलात बऱ्याचदा वेगळा लावलेला असतो आणि ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास त्यांच्या हातात असतो.

त्यांना पहिला प्रश्न उपवासाचा. माझा नंबर साधारण किती वाजता, आणि त्या हिशेबाने शेवटचं खाणं आणि शेवटचं पाणी कधी? सर्वमान्य नियम असा की हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं किंवा मटण असेल तर ८ तास, आणि साधं पाणी किंवा बिनदुधाचा कोरा चहा २ तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो. "अर्धा कप चहाने काय होतंय" म्हणणारं एक तरी माणूस घरात असतं. भुलीत घशाचं संरक्षण सुटतं आणि पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून तो अर्धा कप लपवू नका. प्यायला गेलाच तर सांगून टाका. फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल. जुना मधुमेह, खूप ॲसिडिटी किंवा वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर पोट उशिरा रिकामं होऊ शकतं किंवा पोटातलं वर येण्याचा धोका वाढतो, तेव्हा नियम बदलू शकतात. तेही त्यांनाच विचारा.

दुसरा प्रश्न बीपीच्या गोळीचा. पाकीट हातात घेऊन औषधाचं नाव वाचा. अम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल या गोळ्या बहुधा सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल त्या दिवशी बरेच जण थांबवतात, कारण भूल चढताना बीपी फार खाली जातं. नावापुढे "एएम" किंवा "एच" असेल तर ती जोडगोळी असते, मग नुसतं "बीपीची गोळी घेऊ का" विचारून भागत नाही.

तिसरी गोष्ट, कृपा करून खरं सांगा: मिश्री, तंबाखू, सुपारी, गुटखा. वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंड उघडणं कमी होतं आणि श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर आधीच सांगा, म्हणजे ते वेगळी तयारी ठेवतील. सासूबाईंसमोर मिश्रीचं सांगवत नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणा. अश्वगंधा वगैरे चूर्णंही सांगा, ती "औषधात धरत नाही" म्हणून सर्रास राहून जातात.

आता जाग येण्याबद्दल. ब्रिटन-आयर्लंडमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, २०१४ साली अहवाल आला. साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एकाने जाग आल्याचं सांगितलं. स्नायू सैल करणारं औषध दिलेल्यांत, आणि तुमच्या ऑपरेशनला ते देतात, साधारण ८,००० मागे एक. त्यातले बहुतेक प्रसंग भूल चढताना किंवा उतरताना, थोड्या वेळाचे. शून्य नाही, पण तुम्हाला वाटतंय तितकंही नाही. भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जात नाही. तो शेवटपर्यंत डोक्याशी बसून ईसीजी, ऑक्सिजन, दर काही मिनिटांनी बीपी आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड बघत असतो. हा शेवटचा मॉनिटर तिथे आहे ना, हे मात्र बेधडक विचारा. कुणी हे विचारलं म्हणून रागावत असेल तर मी दुसरं रुग्णालय बघेन. हे माझं मत.

टेबलावर घाबरवणारे क्षण दोनच. एक मास्क. तोंडावर येताच गुदमरल्यासारखं वाटतं, पण त्यात ऑक्सिजन असतो, तीनेक मिनिटं फुफ्फुसं भरून घेतात. "मी स्वतः धरते" म्हटलं तर बरेच जण धरू देतात. दुसरा, प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून जाताना हात चुरचुरतो, कधी चांगलाच. ते रिॲक्शन नसतं. मनगटावरच्या बारीक शिरेपेक्षा कोपराजवळच्या मोठ्या शिरेत कमी चुरचुरतं, आणि आधी थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, देता येतं. मिनिटभरात झोप लागते, नळी त्यानंतर घालतात. भीती फार असेल तर शिरेतून मिडाझोलम हे मन शांत करणारं औषध मिळू शकतं, ते मागून घ्या. घरातली झोपेची गोळी गुपचूप घेऊ नका.

उठल्यावर घसा खवखवेल, हुडहुडी भरेल. गाडीत मळमळत असेल तर आधीच सांगा, उलटीचं औषध जास्त देतात, कारण बायकांना हा त्रास अधिक होतो. आणि उजवा खांदा दुखू शकतो. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे छाती आणि पोटामधला पडदा चिडतो आणि कळ खांद्यात जाणवते. हे कुणी सांगत नाही आणि लोक हार्ट अटॅक समजून घाबरतात. चालल्याने एक-दोन दिवसांत कमी होतं. छातीत दाब, धाप किंवा घाम असेल तर मात्र वाट न बघता सांगा.

मेंदी आणि नेलपॉलिश बोटांवर नको, ऑक्सिजन मोजणारा बोटाचा क्लिप चुकू शकतो. बांगड्या घट्ट असतील तर आदल्या रात्रीच साबण लावून काढा. चोवीस तास गाडी चालवू नका, बँकेच्या कागदांवर सह्या करू नका. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर भुलीची नोंद मागा: कोणती औषधं दिली, नळी सहज गेली की अडचण आली. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसरा भूलतज्ज्ञ सगळ्यात आधी हेच विचारेल.