सोल्डरची गोळी होते, सांध्यात जातच नाही

प्रश्न: चांदीची साधी अंगठी बनवतेय. सांध्यावर सोल्डरचा (वितळून सांधा जोडणाऱ्या धातूचा) तुकडा ठेवून टॉर्च मारला की त्याची गोळी होते आणि एकाच बाजूला चिकटून बसते. सोल्डर नीट वाहावं म्हणून टाकणखार (बोरॅक्स) लावलेला असतो. सोल्डर खराब असेल का?

उत्तर: सोल्डर ठीकच असणार हो, फ्लेम बहुतेक थेट सोल्डरवर धरली जातेय. चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही, त्यामुळे सांध्यावर दिलेली उष्णता लगेच सगळ्या अंगठीत पसरते, सांधा थंडच राहतो आणि तो एवढासा तुकडा मात्र वितळून जातो, मग गोळी होणारच. सोल्डर जिकडे जास्त गरम तिकडे धावतं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. सुरुवात सांध्याच्या समोरच्या बाजूने करा, फ्लेम फिरती ठेवून अख्खी अंगठी तापवा, टाकणखार आधी फुगेल मग बसेल आणि काचेसारखा पारदर्शक होईल, तेव्हा सांध्याकडे या आणि दोन्ही टोकं सारखी तापवा. सांध्यावर सोल्डरची चकचकीत रेघ धावली की फ्लेम लगेच बाजूला! हार्ड सोल्डर (जास्त तापमानाला वितळणारं) साधारण ७५० ते ७९० अंश सेल्सिअसला धावतं आणि ९२५ चांदी (९२.५ टक्के चांदी असलेला मिश्रधातू) ८०० च्या थोडं पुढे वितळायला लागते, म्हणजे हातात फार वेळ नसतो.

आणि त्याच्याही आधी सांधा उजेडासमोर धरून बघा, फटीतून उजेड दिसला तर परत कानस मारा. सोल्डर फट बुजवत नाही, चिकटलेल्या टोकांमध्येच ते शिरतं. माझ्या मते झाळकामातलं खरं कौशल्य टॉर्चपेक्षा या कानशीत आहे.

प्रश्न: पॉलिश केल्यावर जांभळट-करडे डाग दिसतात, अ‍ॅसिडमध्ये ठेवूनही जात नाहीत.

उत्तर: ९२५ चांदीत उरलेला ७.५ टक्के भाग बहुतेक वेळा तांब्याचा असतो, जास्त वेळ तापवलं की ऑक्सिजन आत शिरून पृष्ठभागाखालीच तांब्याचं ऑक्साइड होतं, म्हणून पिकलचं (झाळल्यावर दागिना साफ करायच्या द्रावणाचं) अ‍ॅसिड तिथे पोचत नाही. आता पॉलिश पेपरने तो थर घासूनच काढावा लागेल. पुढच्या वेळी तापवण्याआधी बोरिक अ‍ॅसिड स्पिरिटमध्ये कालवून सगळ्या दागिन्यावर लावा, बाटली लांब ठेवून मगच पेटवा, स्पिरिट जळून पांढरा थर राहतो.

प्रश्न: पिकलमधून काढलेली चांदी लालसर का होते?

उत्तर: लोखंडी चिमटा! लोखंड आत गेलं की पिकलमधलं तांबं चांदीवर चढतं. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.