पालकवर्गाच्या पहिल्या सत्राआधी

प्रिय,

मुलांचा छळ आणि हयगय रोखण्यासाठी तू जो पालकवर्ग घेणार आहेस, त्याचा तू पाठवलेला बारा सत्रांचा आराखडा वाचला. मेहनत दिसते आहे, म्हणूनच जरा स्पष्ट लिहिते.

पहिली चार सत्रं तू बालहक्क, मेंदूचा विकास आणि शिक्षेचे दुष्परिणाम यांवर खर्च केली आहेस. ती काढ, किंवा चारांचं मिळून अर्धं सत्र कर. मुलाला मारणं बरं नव्हे, हे तिथे येणाऱ्या बहुतेक आईबापांना ठाऊक असतं. दिवसभराच्या कामानं अंग मोडून आलंय, दोन मुलं भांडताहेत, तिसरं किंचाळतंय आणि हात वर गेलाय, त्या क्षणी मारण्याऐवजी नेमकं करायचं काय, हे मात्र त्यांना कुणीच दाखवलेलं नसतं. व्याख्यान ऐकून हे येत नाही. पोहणं काठावर बसून शिकता येत नाही, तसंच हे.

अशा कार्यक्रमांच्या ७७ अभ्यासांचा एकत्र ताळा २००८ साली मांडला गेला. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: जिथे पालकांनी सत्रातच स्वतःच्या मुलासोबत सराव केला, तिथे परिणाम जास्त दिसला. म्हणून मुलांना सत्राला येऊ दे. गोंगाट होईल, तुझं वेळापत्रक कोलमडेल, होऊ दे.

याहून बोलका पुरावा २००४ सालचा आहे. अमेरिकेत, मुलांना मारहाण केल्याची नोंद असलेल्या ११० पालकांवर तो प्रयोग झाला. पालक मुलाशी खेळतो, प्रशिक्षक काचेपलीकडून पाहतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून त्याला त्याच क्षणी सुचवत राहतो, अशी ती पद्धत. दोन वर्षांहून थोड्या जास्त काळानंतर पाहिलं, तर या गटातल्या १९ टक्के पालकांविरुद्ध मारहाणीची पुन्हा तक्रार आली होती. नेहमीच्या पालकवर्गात बसलेल्यांत ४९ टक्के. तिसऱ्या गटाला हेच प्रशिक्षण आणि वर आणखी वैयक्तिक सेवा दिल्या होत्या. त्यांचा निकाल काही त्याहून चांगला आला नाही. तुझ्या आराखड्यातली योग, आहार आणि अक्षरओळख यांची सत्रं वाचताना मला हेच आठवत होतं. सगळं चांगलंच आहे, पण सगळं एका कार्यक्रमात कोंबायचं कशाला?

आता मुख्य मुद्दा. तुझ्या प्रस्तावात 'छळ आणि हयगय रोखणे' असं एका दमात लिहिलं आहेस. छळ म्हणजे मारहाण, शिवीगाळ; हयगय म्हणजे मुलाच्या गरजांकडे दुर्लक्ष. या दोन गोष्टी वेगळ्या कर.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ५५२ गरीब कुटुंबांसोबत किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम झाला. चौदा सत्रं, चालवणारी माणसं वस्तीतलीच. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालकांच्या सांगण्यानुसार मारहाण आणि छळ जवळजवळ निम्म्यावर आला, घरातला ताण घटला, मुलांवरचं लक्ष वाढलं. हयगय मात्र कमी झाली नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. मूल घरी एकटं राहतं कारण आईची कामाची पाळी रात्रीची असते. मूल आजारी असून दवाखान्यात नेलं जात नाही कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. यातली कोणती गोष्ट तू फळ्यावर शिकवणार आहेस?

पैशाचा परिणाम वेगळा तपासला गेला आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, सरकारी मदत घेणाऱ्या आयांना वेगळं राहणाऱ्या वडिलांकडून आलेल्या पोटगीचा काही भाग सरकार स्वतःकडे ठेवून घेत असे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या काही आयांना ती रक्कम पूर्ण दिली गेली. जादा मिळालेला पैसा फार नव्हता, तरी त्यांच्याविरुद्ध चौकशीला घेतलेल्या तक्रारींची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी घटली. पालकत्वाचा एक शब्दही कुणी शिकवला नव्हता. तेव्हा तुझ्या सत्रात एखादी आई रडकुंडीला येऊन भाड्याचं बोलू लागली, तर 'आपण विषयावर येऊ या' म्हणू नकोस. ज्या योजनेत तिला पैसे मिळू शकतात, तिचा अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे तुझ्या संस्थेत कुणाला तरी पक्कं माहीत असलं पाहिजे. आणि देणगीदारांना 'हयगय इतक्या टक्क्यांनी कमी करू' असं वचन देऊ नकोस.

घरातल्या मोठ्यांमधली मारहाणही आधी विचार. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एका प्रयोगात परिचारिका गर्भवती आणि नव्या आयांच्या घरी जात. पंधरा वर्षांनीही त्या घरांत मुलांच्या छळाच्या व हयगयीच्या नोंदी कमी होत्या. पण जिथे बाई स्वतः वारंवार मार खात होती, तिथे हा फायदा टिकला नाही. त्या बाईला संयमानं बोलायचे धडे देण्याआधी तिची सुरक्षितता बघावी लागते. हे एकटीदुकटीनं करायचं काम नाही. कुणाला फोन करायचा ते आत्ताच ठरवून ठेव.

हजेरीचं थोडक्यात. ईस्टर्न केपमध्ये सत्राला जेवण असे, आणि जे येऊ शकत नसत त्यांच्या घरी जाऊन सत्राचा गाभा सांगितला जाई. तुझ्या अंदाजपत्रकात फलकांसाठी पैसे आहेत, या दोन्हींसाठी नाहीत. फलक काप. गैरहजर पालकाला 'उदासीन' हा शेरा मारायची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे, मला ती चीड आणते.

मोजमापाबाबत: फक्त पालकांना विचारून थांबू नकोस. ईस्टर्न केपच्या प्रयोगात मारहाण घटल्याचं पालकांच्या उत्तरांत जितकं स्पष्ट दिसलं, तितकं मुलांच्या उत्तरांत दिसलं नाही. सरकारी तक्रारींवरही एकट्यावर विसंबू नकोस. घरी जाणारं माणूस वाढलं की दिसणं वाढतं आणि तक्रारीही वाढू शकतात.

आणि एक, जे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. काही गोष्टी कानावर आल्या तर तुला त्या कळवाव्याच लागतील. कोणत्या, कुणाला, आणि त्यानंतर काय होतं, हे पहिल्या सत्रात, ओळखी झाल्याबरोबर, कुणी काही सांगण्याआधी, साध्या शब्दांत सांगून टाक. काही जण गप्प होतील. तरीही सांग. सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा हे पहिल्या पानावर लिही.

तुझी,
ताई