पर्मनंट होईपर्यंत सोस, असं तिला सांगू नका

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची, बी.एस्सी. बी.एड. गुहागर तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर, मग पर्मनंट) म्हणून तिचं हे दुसरं वर्ष. गणित-विज्ञान शिकवते. नववीची मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करतात. एकानं तर तोंडावर विचारलं, ‘बाई, तुम्ही अजून पर्मनंट कुठे आहात?’ गणपतीची सुट्टी संपली त्या रात्री ती न जेवता झोपली. आता नोकरी सोडायची म्हणते. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो, पेन्शनचं मोल जाणतो. आमच्या वेळी मास्तरांच्या हातात छडी असायची, कुणाची मान वर करायची टाप नव्हती. ही फार मऊ आहे. तिला समजवा. (पत्र संक्षिप्त)

उत्तर : तिच्याआधी तुमच्याशी बोलायला हवं. तुमच्या मूळ पत्रात ‘पर्मनंट’ हा शब्द पाच वेळा आलाय. तिला रात्री झोप लागत नाही, हे मात्र एकदाच, तेही कंसात.

त्या पोराचं बोलणं आणि तुमचं बोलणं शेजारी ठेवून बघा. वर्गात मुलगा म्हणतो, तुम्ही पर्मनंट नाही. घरी वडील म्हणतात, पर्मनंट होईपर्यंत सोस. दोन्हीकडून तिच्या कानावर एकच गोष्ट पडते, की आज ती जे काम करतेय त्याला मोल नाही. महिना १८,००० रुपये मानधनावर ती तीन वर्षं काढायला तयार झाली, ती मऊ कशी? आणि तुम्हाला मिळते ती जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आपसूक मिळत नाही. तुमचा हिशेब तिच्या नोकरीला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता छडीबद्दल. धाक नाही म्हणून मुलं चढतात, हा समज कोकणात घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी छडी इथे उपयोगाची नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा नक्कल करतो ती मागच्या दोन बाकांसाठी. बाई ओरडल्या की त्याला हवा तो तमाशा मिळतो, फटका बसला की तो वर्गाचा हिरो होतो. त्याचे प्रेक्षक काढून घ्यायचे. तास सुरू व्हायच्या आधी तिनं दारात उभं राहावं, फळ्यावर तीन सोपी गणितं तयार असावीत, मुलं ती सोडवत असताना हजेरी घ्यावी. बहुतेक दंगा पहिल्या पाच मिनिटांत पेटतो, तीच मोकळी ठेवायची नाहीत. नक्कल झालीच तर बोलणं थांबवावं, शांतपणे त्याच्या बाकापाशी जाऊन हळू आवाजात म्हणावं, ‘मधल्या सुट्टीत पाच मिनिटं भेट.’ तिथे वाद नको, आणि पाळता येणार नाही अशी धमकी तर मुळीच नको. सुट्टीत त्याची वही उघडायला सांगावी. पुष्कळदा पोराला सातवीचे अपूर्णांकच येत नसतात आणि बीजगणिताच्या तासाला ते झाकायला तो दंगा करतो. बाप मुंबईला, पोरगं आजीकडे, अशी घरं तुमच्याकडे पुष्कळ. शाळेची चिठ्ठी आजीच्या हातात पडते आणि तिथेच राहते. रविवारी बापाला फोन करावा, आणि पहिला फोन चांगलं काही सांगण्यासाठी असावा.

चोरून व्हिडिओ काढणं किंवा अश्लील बोलणं हा मात्र खोडसाळपणा नव्हे. तारीख, तास, घडलेला प्रकार लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

थकव्याचं कारण मला मुलांपेक्षा वह्यांत जास्त दिसतं. पाच वर्ग, प्रत्येकी ५५ मुलं धरली तर २७५ वह्या. एकीला दोन मिनिटं धरली तरी नऊ तासांहून जास्त. त्यात कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला, त्यामुळे शंभर टक्क्यांचा धोशा. तिनं रोज एका वर्गाची एकच रांग तपासावी, तीही ठरवलेलं एकच गणित. बाकीची मुलं फळ्यावरच्या उत्तरावरून एकमेकांच्या वह्या तपासतील. रात्री नऊनंतर वह्या बंद. झोप उडून दोन आठवडे झाले असतील तर डॉक्टरांना दाखवाच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत करून बघावं. तरी रोज सकाळी शाळेच्या विचारानं पोटात गोळा येत असेल, तर तिनं सोडावं, आणि तुम्ही आडवं येऊ नये. सोडताना रागानं चिठ्ठी देऊन येऊ नये. कायम नसलेल्या कर्मचाऱ्याला एक महिन्याची नोटीस लागते. राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही-तारीख, एक रजिस्टर टपालानं संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. पुन्हा शिक्षक अभियोग्यता चाचणी (टेट) देऊन शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, नवोदय किंवा केंद्रीय विद्यालय, एम.एस्सी., असे रस्ते आहेतच, त्यावर नंतर बोलू.

येत्या शनिवारी ती शाळेतून आली की तिला विचारा, आज काय झालं. मग पर्मनंट हा शब्द न काढता ती थांबेपर्यंत ऐका. पुढचं पत्र तिला लिहू दे. सोबत तिचं वेळापत्रक आणि प्रत्येक वर्गाचा पट जोडायला सांगा, म्हणजे कुठला तास हलवता येईल ते बघता येईल.