साथीतली निर्यातबंदी आणि आपला मका-कांदा

शिरपूरच्या भाऊंनी विचारलंय की करोनात सरकारने एकीकडे निर्यात बंद केली, दुसरीकडे आयात मोकळी केली, याला धोरण म्हणायचं का? आणि पुन्हा अशी साथ आली तर खान्देशातल्या शेतकऱ्याने काय मागायचं? माझी धान्य-कडधान्याची आडत आहे. हे सगळे निर्णय मी मार्केट कमिटीच्या ओट्यावरून पाहिलेत, म्हणून जरा लांब लिहितो.

भाऊ, आधी औषधांचं सांगतो, कारण तिथे सरकार बरंच बरोबर वागलं. 31 जानेवारी 2020 लाच मास्क आणि संरक्षक पोशाखांची निर्यात थांबवली. 3 मार्चला 26 औषधं आणि औषधांच्या कच्च्या मालावर बंधन आलं, पॅरासिटामॉल त्यातच होतं. चीनहून येणारा कच्चा माल अडकलेला, त्यामुळे भीती खरी होती. पण 6 एप्रिलला त्यातले 24 प्रकार मोकळे झाले, पॅरासिटामॉलच्या गोळ्या 17 एप्रिलला सुटल्या आणि तिचा कच्चा माल मेअखेर. म्हणजे साठा पाहिला, गरज मोजली, टप्प्याटप्प्याने दार उघडलं. असं करणारे आपण एकटे नव्हतो. एप्रिल 2020 मध्ये जागतिक व्यापार संघटनेने मोजणी केली तेव्हा 80 देश-प्रदेशांनी काही ना काही निर्यात रोखलेली होती. गॅट म्हणजे देशोदेशींच्या व्यापाराचे नियम ठरवणारा करार, त्याच्या कलम 11 मध्येही गंभीर तुटवडा टाळायला तात्पुरत्या बंदीची मुभा आहे. तेव्हा बंदी घातली म्हणून ओरडण्यात मला अर्थ वाटत नाही.

शेतमालाच्या बाबतीत मात्र ही मोजणी कुठे दिसली नाही.

मक्याचंच बघा. 2020 च्या सुरुवातीला कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली. लोकांनी चिकन सोडलं, पोल्ट्रीवाल्यांनी नवी पिल्लं टाकणं थांबवलं आणि मक्याची मागणीच बसली. त्यात लॉकडाऊन लागला. आपला रब्बीचा मका नेमका तेव्हा निघाला. हमीभाव क्विंटलला 1,760 रुपये, आणि व्यापारी 1,100 ते 1,300 च्या पुढे बोली न्यायला तयार नाहीत. माल खराब होता म्हणावं तर तसंही नाही. पिवळाधमक दाणा, दाताखाली धरला तर कट्‌कन वाजणारा, ओल नावाला नाही. शेतकरी ढिगाशेजारी उभा राहून एकेका व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. अशा वेळी 23 जून 2020 ला केंद्राने 15 टक्के शुल्काने 5 लाख टन मका आयात करायला परवानगी दिली! हा कोटा जागतिक व्यापार संघटनेतल्या जुन्या बांधिलकीचा होता, हे मला मान्य आहे. पण भाव पडायला जहाज बंदराला लागावं लागत नाही, बातमी पुरते. ज्याला चार पोती जास्त घ्यायची होती, तोही हात आखडता घेतो.

मग कांदा. साक्री-पिंपळनेर भागातला उन्हाळी कांदा सप्टेंबरपर्यंत चाळीत राहतो. पावसाची हवा लागली की वरच्या थराला कोंब येतात, तळाचा काळा पडून पाणी सोडतो. निम्माशिम्मा हाती लागतो आणि त्यालाच चांगला भाव मिळाला तर वर्ष निघतं. 14 सप्टेंबर 2020 ला निर्यातबंदी आली, ती थेट 1 जानेवारी 2021 ला उठली. अधिसूचनेत शेवटची तारीख नव्हती. त्याहून मोठी गोष्ट फार कमी जणांनी वाचली. परकीय व्यापार धोरणात परिच्छेद 1.05 आहे. बंदीच्या आधी पक्का सौदा झालेला, पतपत्र (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी) उघडलेला माल त्याच्या आधारे जाऊ शकतो. ही सवलत लागू नाही, असं त्या अधिसूचनेतच लिहिलं होतं. त्यामुळे बंदरावर आणि बांगलादेशच्या सीमेवर भरलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. काही मालाला नंतर सूट मिळाली, पण कांदा सूट मिळेपर्यंत थांबत नाही. पुढे 23 ऑक्टोबरला साठ्यावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन. केंद्राच्याच जूनमधल्या जीवनावश्यक वस्तूंच्या अध्यादेशाने साठ्याची बंधनं सैल केली होती, त्याला जेमतेम साडेचार महिने झाले होते.

कडधान्याचं थोडक्यात. 15 मे 2021 ला तूर, मूग, उडीद यांची आयात खुली झाली, म्हणजे आपल्याकडे पेरणी तोंडावर असताना. 2 जुलैला मूग सोडून बाकीच्या डाळींवर साठामर्यादा लागली आणि 19 जुलैला त्यातून आयातदारांना वगळलं. जळगावच्या डाळमिलवाल्याला मर्यादा आणि बाहेरून आणणाऱ्याला मोकळीक, हे मला आजही पटत नाही.

आता काय मागायचं? ‘कधीच बंदी नको’ हे मागू नका, ते कुठलंही सरकार ऐकणार नाही. अधिसूचनेतच शेवटची तारीख मागा. नुसती तारीखही पुरत नाही बरं. डिसेंबर 2023 च्या कांदाबंदीत 31 मार्च 2024 ही तारीख होती, पण ती यायच्या आधीच बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली आणि 4 मे ला उठली. म्हणून मुदत वाढवायची असेल तर देशात साठा किती, खप किती, हे आकडे आधी जाहीर झाले पाहिजेत, ही दुसरी मागणी. तिसरी मागणी वाटेतल्या मालाची. 2023 च्या नव्या परकीय व्यापार धोरणातही परिच्छेद 1.05 आहे. नाशवंत मालाच्या बंदीत तो काढून घेता येणार नाही, अशी तरतूद हवी.

खासदारांना निवेदन द्याल तेव्हा 14 सप्टेंबर 2020 ची अधिसूचना सोबत जोडा आणि 1.05 ची ओळ अधोरेखित करून द्या. मसुदा लिहायला मदत हवी असेल तर सांगा, मी बसतो.